फाईचं गुरुवंदन

९ जून, सोमवार. सायं. ५
आजपासून शिस्त! लेक फाई नऊ वर्षांची, पण बूड एका जागी टेकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या एडीएचडी आहे. औषध चालू ठेवा, जोडीला अंग हलवायचा व्हिडिओ गेम, रोज वीस मिनिटं. बॉक्सिंगचा आणला. आपण हवेत मारलेला ठोसा कॅमेरा बघतो. २० तारखेला शाळेत चाचणी. वीस मिनिटं जागेवर बसली तर वर्ग तोच, नाहीतर मैत्रिणी सुटणार. पोर रडली. म्हटलं, रडतेस काय, तुझा बाप रिंगमधला माणूस! तेवीस लढती. बऱ्याचशा जिंकल्यासारख्याच.

१० जून
प्रात्यक्षिक दाखवलं. टेबलफॅन गेला. चुकीच्या जागी ठेवला होता.

११ जून
फाईची लाथ बसून माझा दात पडला. मशीनने तिला एकही गुण दिला नाही. पक्षपाती! रक्त थांबेना. बायको, राम्पाई, विचारते, गेम पोरीला सांगितलाय का तुम्हाला? दुर्लक्ष केलं.

१३ जून
प्रत्येक फेरीआधी फाई वाय-ख्रू करते, आपल्या थाई मुष्टियुद्धातलं गुरुवंदन. गुडघे टेकून तीनदा कपाळ जमिनीला, तेही सावकाश. तोवर पडद्यावरचा गडी चार ठोसे हाणून मोकळा! ओरडणारच होतो. पण वंदन माझ्याकडे तोंड करून! पोरीने गुरू ओळखला. छाती फुगली. परवानगी दिली.

१५ जून, रविवार
आज वंदनाला चार मिनिटं. तोवर तिच्या फेऱ्याही मीच खेळलो. नुकसान: कोशिंबिरीची कच्ची पपई कुटायचा खल, खिडकीची काच, माझी दोन बोटं. राम्पाई रोजच्यासारखी माझ्यामागे चिंच सोलत बसलेली. तिला खेळात रस नाही.

१८ जून. सकाळ
संकल्प: चिडायचं नाही.

सायं. ६
टीव्ही फोडला. तो गडी मला हसला होता. म्हटलं, बुडालो, परवा चाचणी! फाई म्हणाली, बाबा, टीव्ही नसला तरी चालेल, तुम्ही फक्त जरा डावीकडे उभे राहा. लहान आहे, काहीही बोलते.

२० जून, शुक्रवार. दु. १२
शाळेत पालकांनी व्हरांड्यात बसायचं होतं. मला बसवेना. कचऱ्याच्या डब्याला लाथ गेली, शिपायाने दंड धरून फाटकाबाहेर काढलं. गजांतून पाहिलं. फाईने बाकाशी गुडघे टेकले, तीनदा कपाळ, मग बसली. बावीस मिनिटं. बावीस! मी रडलो, लिहायला लाज नाही.

आत घेतल्यावर, चाचणी घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना ऐटीत म्हटलं, बघा, गुरू कोण ते! त्यांनी फाईलाच विचारलं. ती म्हणाली, आईने शिकवलं. टेकताना एक श्वास, उठताना एक, आईकडे बघत. बाबा मध्ये यायचे.

बाई हसल्या नाहीत. मला खुर्ची दिली, म्हणाल्या, तुम्हीही वीस मिनिटं बसून बघा. बसून हेच लिहितोय. चारच मिनिटं झाली. घड्याळ बंद पडलं असावं.