मागून घेतलेला बुधवार

वेस्ट मांबलम, चेन्नई

प्रिय अर्चूताई,

बाबांच्या पाठीवरची जखम भरत आली, हा तुझा निरोप वाचला आणि जरा सुटल्यासारखं झालं. पत्र बघून दचकू नकोस. मी बरा आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी काहीतरी वेगळंच बोलत सुटतो, म्हणून कागद घेऊन बसलोय.

आमच्या गिंडीच्या ऑफिसात आठवडा चार दिवसांचा झाला, हे तुला सांगितलं होतं. शनिवार-रविवारशिवाय प्रत्येकाला सुट्टीचा आणखी एक वार मिळणार होता. त्यावरून केवढी खेचाखेची! शुक्रवार सगळ्यांनाच हवा, नाहीतर सोमवार तरी. आमच्या प्रमुख चंद्रिका मॅडम मला म्हणाल्या, "अनय, तुझं घर सर्वांत लांब. वडील लकव्यानं अंथरुणावर. तू आधी निवड." गुरुवारी संध्याकाळी गाडीत बसलं की शुक्रवारी सकाळी सोलापूर. त्यांनीच हिशेब मांडून दाखवला. मी म्हणालो, "मला बुधवार द्या."

ताई, तुला मी सांगितलं होतं की कंपनीनं माझ्या गळ्यात बुधवार मारला. तू कंपनीला चार शिव्याही घातल्यास. तो मी मागून घेतला होता. तीन दिवस सलग हातात आले असते, तर घरी न येण्याला काही कारणच उरलं नसतं. आठवड्याच्या मधोमध एकटा पडलेला दिवस कुठेच पोचवत नाही, म्हणून मला तो हवा होता.

दिवाळीत आलो तेव्हाचं तुला आठवतं का, ठाऊक नाही. तू दूध आणायला गेली होतीस. बाबांचं अंथरूण ओलं झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चांगला हात डोळ्यांवर घेतला. अख्ख्या शाळेला कवायतीत उभं करणारे आपले बाबा. मी खोलीबाहेर आलो, दार लोटलं आणि तू येईपर्यंत गॅलरीत उभा राहिलो. तू आलीस, चादर बदललीस, मला चहा दिलास. तेव्हापासून त्या खोलीत पुन्हा जायचं म्हटलं की मी काहीतरी सबब शोधतो.

मी सोडलेला शुक्रवार सेतुमाधव यांना मिळाला. माझ्या शेजारी बसतात, तंजावरचे मराठी. त्यांची आई तिकडे एकटी असते. दर गुरुवारी ते ऑफिसातूनच बसला धावतात आणि सोमवारी माझ्यासाठी आईच्या हातचं काहीतरी घेऊन येतात. ऑफिसात सगळे मला मोठ्या मनाचा समजायला लागले, आणि मी समजू दिलं. एकदा त्यांनी फोन लावून मला आईशी बोलायला दिलं. तिचं मराठी जुन्या वळणाचं, मधे मधे तमिळ. म्हणाली, "कण्णा, बाळा, तुझा दिवस माझ्या लेकाला दिलास. तुझ्या आईबापाला देव सुखी ठेवो." मी "हो अम्मा" म्हणून फोन परत दिला आणि हात धुवायच्या निमित्तानं उठलो.

आणि गेल्या महिन्यातला तो बुधवार. बाबा पलंगावरून खाली घसरले, तुला एकटीला उचलवेना, म्हणून तू मला फोन लावलास. इतक्या लांबून मी काय उचलणार होतो? पण तुला कुणाशी तरी बोलायचं असेल. मी सिनेमा बघत होतो ताई. तुझं नाव दिसलं आणि मी फोन पालथा ठेवला. संध्याकाळी सांगितलं, अचानक कामावर बोलावलं. तू म्हणालीस, "सुट्टीच्या दिवशीसुद्धा राबवतात रे तुला! जेवलास का?" त्यानंतर तुझ्याशी धड बोलणं मला जमलेलं नाही.

परवा ऑफिसात सगळ्यांचे वार पुन्हा नव्यानं ठरवायचे होते. त्याआधी मी सेतुमाधवांना कँटीनमध्ये गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी समोरचं केळीचं पान दुमडलं. मग म्हणाले, "एक शुक्रवार तुमचा, एक माझा. अम्माला मी यातलं काही सांगणार नाही." एवढं बोलून उठून गेले. अजून माझ्याशी मोकळेपणानं बोलत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तेव्हा हे पत्र यासाठी, की येत्या शुक्रवारी सकाळी मी सोलापूरला पोचतोय, आणि यापुढे एकाआड एक शुक्रवारी येत राहीन. मी आलो की दोन दिवस तू घरात थांबायचं नाहीस. मैत्रिणीकडे जा, अक्कलकोटला जा, नाहीतर कुठेतरी जाऊन नुसती झोप. बाबा आजारी पडल्यापासून तुला कुणी सुट्टीचा वार विचारलाच नाही, मीही नाही. माझ्यावर रागवायचं असेल तर भरपूर रागव, लगेच माफ करून मोकळी होऊ नकोस. फक्त निघण्याआधी एकदा माझे हात धरून दाखव, बाबांना दुखू न देता कुशीवर कसं वळवायचं.

तुझाच,
अनय