हिरवळीवर चपला नकोत

सातपूर, नाशिक
११ मे २०२५

प्रिय मैनाताई,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून तुमच्या सावळीरामभाऊंच्या पत्त्यावर नांदगावला हे पत्र पाठवतेय. भाऊ-वहिनी बरे असतील. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक काहीच नाही. पाळणाघराच्या अंगणातल्या त्या हिरवळीने मला वात आणलाय.

ती बसवून देणारा विश्वेश काय म्हणाला होता, आठवतंय? 'मॅडम, पाणी नको, कापणं नको, दहा वर्षं बघायलासुद्धा नको.' आता उन्हाने तापू नये म्हणून मी दिवसातून तीनदा नळी घेऊन त्या प्लॅस्टिकला पाणी घालते. खऱ्या गवताला घातलं असतं तर ते वाढलं तरी असतं. फाटकाजवळचा सांधा उकललाय, पोरं तिथे बोटं घालून ओढत बसतात. खालचे काळे रबरी दाणे केसांत, कानांत, परवा तर चैतालीच्या नाकात. शेजारची मांजर रोज सकाळी तिथेच येऊन घाण करते. सांडलेले पोहे पात्यांतून कसे काढायचे म्हणून विश्वेशला विचारलं, तर म्हणतो, ब्लोअर घ्या. एवढं करून पोरं खेळतात कुठे, तर नळाजवळ हातभर माती उरलीय तिथे.

माती आईबापांनाच नको होती, हे तुम्हीही मान्य कराल. फ्रॉक मळला, नखांत चिखल, रोज कुणाचा तरी मेसेज. पलीकडच्या पाळणाघराने अंगण हिरवं केलं आणि आपल्याकडे कोणी चौकशीलासुद्धा येईना. मी तरी काय करणार होते?

महिनाभर भेटेल त्याला मी हेच ऐकवतेय. विश्वेश, आईबाप, ऊन, मांजर. गुरुवारी कामाला आलेल्या नव्या मुलीने, योगिनीने, विचारलं, "मॅडम, 'हिरवळीवर चपला नकोत' ही पाटी कोणी लावली?" आणि माझ्या तोंडात पटकन तुमचं नाव आलं. बोलले नाही, पण आलं. इतकी सवय झाली होती मला.

पाटी मी लावली होती. नवी कोरी हिरवळ, गालिच्यासारखी. तिच्यावर कोणी चपला घालून जातं का, असं मीच तुम्हाला म्हणाले होते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मॅडम, हे लय तापतंय. पोरांच्या पायात राहू द्या चपला." मी म्हणाले, पुसायला तुम्ही येणार आहात का. पुसत तर तुम्हीच होतात.

आणि त्या दिवशी साडेअकराला पोरं बाहेर काढायला मीच सांगितलं. प्रवेशाच्या चौकशीला दोन घरची माणसं यायची होती. हिरव्या अंगणात पोरं खेळताना दिसली पाहिजेत, हा माझा हट्ट. तुम्ही आभाळाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि एकेकाच्या चपला काढून पाटीखाली ओळीत लावल्यात.

संध्याकाळी रुद्रच्या तळव्यांवरचे फोड बघून त्याची आई यशश्री विचारत होती, ह्याच्या चपला काढल्या कोणी? मी म्हणाले, मैनाताईंनी. ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला म्हणता आलं. ती तुम्हाला नाही नाही ते बोलली. तुम्ही तिथेच उभ्या होतात. मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबल्या होतात, हे तेव्हाही मला कळत होतं. अकरा वर्षं तुम्ही माझ्याकडे काम केलंत, तेवढं मला कळतं. मग मी आईबापांच्या ग्रुपवर लिहिलं, 'संबंधित मावशींना कामावरून कमी केले आहे.' तो मेसेज कुठे कुठे फिरला आणि त्यानंतर सातपुरात तुम्हाला कुठल्याच पाळणाघरात काम मिळालं नाही, हे मला माहीत आहे.

शुक्रवारी त्याच ग्रुपवर सगळं लिहिलं. पाटी माझी, वेळ माझी, हट्ट माझा, मैनाताईंनी मला आधी बजावलं होतं. तीन मुलं काढून नेली. यशश्री घरी आली. मला वाटलं भांडेल. ती एवढंच म्हणाली, "मग त्यांनी सांगितलं का नाही? मी त्यांना काय काय बोलले." रुद्र बरा आहे, पळतो. हिरवळीच्या कडेला आला की मात्र थबकतो आणि उचलून घ्या म्हणतो.

ती गेल्यावर मी त्या दिवशीचं कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं. आजवर पाहायची हिंमत झाली नव्हती. रुद्र मधोमध उभा राहून रडतोय. लहान पोरांना पाय पोळले तर पळायचं कळत नाही, ती तिथेच उभी राहतात. तुम्ही धावलात. त्याला काखेत घेऊन नळाजवळच्या मातीत ठेवलंत, परत गेलात, दोघांना आणलंत, परत गेलात. चार फेऱ्या. मी ओट्यावर सँडल घालून उभी आहे, पाहुण्यांशी बोलत.

तुम्ही अनवाणी होतात. पाटी तुम्हीही पाळलीत.

संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना तुम्ही टाचांवर चालताय, तेही दिसतं. घरादाराने रुद्रचे पाय पाहिले, डॉक्टरने पाहिले, मीही पाहिले.

पाटी काढली आहे. विश्वेशला बोलावलंय, तो बुधवारी सगळं गुंडाळून नेईल आणि खाली पुन्हा माती येईल. कामावर परत या असं लिहायला मला तोंड नाही, म्हणून ते लिहीत नाही. एकच विचारते, जे त्याच दिवशी विचारायला हवं होतं.

मैनाताई, तुमचे पाय कसे आहेत?

चपला काढायला लावणारी,
उज्वला