बाबांचा पुढचा टप्पा

स्टेट कॉलेज, ६ फेब्रुवारी

चि. प्रसन्न यास ताईचे अनेक आशीर्वाद.

प्रसन्नचा राग परवडला, त्याचा समजूतदारपणा नको, असं तू हायस्कूलमध्ये असताना आई म्हणाली होती. रविवारची तुझी ईमेल वाचताना ते आठवलं. तिने दर शनिवारी बसवून मराठी गिरवून घेतलं, ते आज कामी आणते. इंग्रजीत तुझ्याशी भांडताच येत नाही.

विषय काय, तर 'बाबांचा पुढचा टप्पा'. म्हणजे त्यांचं घर विकून त्यांना सीनियर होममध्ये ठेवायचं. पण तसं अख्ख्या ईमेलमध्ये कुठे लिहिलेलं नाही. घर विकणं हे 'राइटसायझिंग', तिथली एक खोली म्हणजे 'कम्युनिटी' आणि बाबांनी नको म्हणणं म्हणजे 'रेझिस्टन्स'. मी एवढंच विचारलं की त्यांना विचारलंस का, तर फॅमिली ग्रुपवर मी 'निगेटिव्ह'. माणसं कामावरून काढताना ऑफिसात जी भाषा वापरता, ती थेट घरात आणलीस. आत येताना बूट तरी काढायचेस!

बाबा नक्की काय म्हणाले, तेवढं कळव. अंतराला माझे आशीर्वाद सांग.

तुझी
ताई

ईडन प्रेरी, ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे मराठीत टाइप करायला मला एक तास लागला, यावरून तुझ्या फीलिंग्जची मला किती कदर आहे ते बघ. तू लांब असतेस, त्याचा गिल्ट रागातून बाहेर येतो. मी जज करत नाही. पण डिसेंबरमध्ये बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा बर्फातून ड्राइव्ह करत मी गेलो होतो, तू नाही.

ब्रोशर दाखवलं की बाबा ॲजिटेटेड होतात. अंतरा सून असून रोज जाते आणि नोंद ठेवते. या आठवड्यात चार दिवस 'शांत' आहेत, म्हणजे ॲक्सेप्टन्स येतोय. कम्युनिटीचा फॉर्म सोबत पाठवतो. शुक्रवारी द्यायचा आहे, दोघांच्याही सह्या लागतील. प्लीज, बाबांसाठी अलाइन हो.

लोभ आहेच, तो टिकवावा.

तुझा
प्रसन्न

स्टेट कॉलेज, ११ फेब्रुवारी

चि. प्रसन्न यास आशीर्वाद. ते रागातही चालू असतात.

डिसेंबरमध्ये तू गेलास, मी नाही, हे खरं आहे आणि ते मला बोचतं. काल बाबांना फोन केला. म्हणाले, ओल्या सपाता घालून घाई केली म्हणून पडलो, आता बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय. सीनियर होमचं विचारलं, तर त्यांना स्वतःच्या घरातच राहायचंय. मग हळूच विचारलं, की मंजू, आत्ता माझा आवाज चढला होता का, हे ॲजिटेशनमध्ये धरतील का. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटर ज्याच्या आवाजाने चाललं तो सर्जन, प्रसन्न! अंतरा आली की ते मुद्दाम कमी बोलतात. तुमचे चार 'शांत' दिवस ते हे.

लाज मलाही वाटली. कारण दोनच मिनिटं आधी मी त्यांना शांत व्हा म्हणाले होते, आणि ते शांतच होते. तुझा शब्द माझ्या तोंडात कधी येऊन बसला, कळलंसुद्धा नाही.

फॉर्मवर 'राहायला येणाऱ्याचं स्वतःचं मत' असा रकाना आहे. तिथे तू 'बदलाची स्वाभाविक भीती' टाइप केलंयस. वा! त्यांचं मतसुद्धा तुझ्याच शब्दांत.

माया आहे, म्हणून इतकं लिहिलं. आता जे मागते त्याला तू नकार देशील आणि त्या नकारालाही एखादं छान नाव काढशील. तरी मागते. तो रकाना पुसून टाक. शुक्रवारी फॉर्म बाबांपुढे ठेव, पेन त्यांच्या हातात दे आणि ते लिहितील तेवढा वेळ तू आणि अंतरा खोलीबाहेर थांबा. ते जे लिहितील, अगदी जातो म्हणून लिहिलं तरी, त्याखाली मी सही करेन. करशील एवढं?

तुझी
ताई