पडद्यापलीकडचे अचूकराव

३ तारीख, सोमवार
लागलो बुवा कामाला! जन्मभर कॅमेरे दुरुस्त केले, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आणि या वयात प्रकाशाच्या प्रयोगशाळेत आरसे जुळवायला बोलावणं! ही तर भेटेल त्याला सांगत सुटली आहे.

टेबलाच्या मधोमध अर्धपारदर्शक आरसा. डावीकडून येणारा प्रकाशकण माझ्या ताब्यात, उजवीकडचा काळ्या पडद्यामागच्या गृहस्थांच्या. सगळे त्यांना अचूकराव म्हणतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी छान समजावलं : दोन कणांत तिळाएवढा फरक असला, तर आरशापाशी कधी कधी त्यांच्या वाटा फुटतात आणि मोजणीयंत्र टकटकतं. फरकच उरला नाही, तर दोघं कायम एकाच वाटेनं जातात. यंत्र गप्प. आकडा शून्यावर आणायचा, एवढंच काम.

५, बुधवार
आकडा चाळीस. बाई म्हणाल्या, अचूकरावांचा हात बघा, कसा स्थिर! दिवसभर तेच कौतुक. मी काय इथे माशा मारतोय? नुसती आग आग होते. त्यांचं तोंड अजून दिसलं नाही. खोकला तेवढा ऐकू येतो.

११, मंगळवार
इरेला पेटून माझ्या आरशाचा स्क्रू केसभर फिरवला. बारा! बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली : शाब्बास, अचूकराव. मला!
पलीकडचा खोकला आज थेट माझ्यासारखा.

१३, गुरुवार
तीन.
दुपारी जेवायला घरी गेलो. ही हसायलाच लागली. म्हणाली, आत्ता तर जेवून गेलात! ताट अजून उष्टं. मिरच्या कडेला ओळीनं मांडलेल्या, मी मांडतो तशा. चाळीस वर्षं मला वाढणारे हात, त्या मेल्याला—

१४, शुक्रवार
स्क्रू उलटा फिरवला की फरक पडेल. वाटा फुटतील. सुटेन. कळतंय मला. बोटं स्क्रूवरच होती. तेवढ्यात बाई पडद्याकडे वळून म्हणाल्या, शून्य येणार ते तुमच्याच हातून.
त्याच्या? माझं ताटही त्याचं, शून्यही त्याचं?
फिरवला. सुलटाच.
शून्य.

पडदा ओढला. रिकामं स्टूल. त्यावर माझा चष्मा— माझ्या नाकावर असताना.

घरी निघालो. शेजारी तोही. चालताना दोघं— पावलं एकाचीच वाजत होती.
हिनं दार उघडलं. या म्हणाली. कुणाला? मी पुढे झालो, तोही—
हिला विचारलं, नीट बघ, तुझा कोणता? हसली. म्हणाली, कोणता काय, एकटेच तर आला—