वहीदभाईंची माफी

६ एप्रिल
आज पुन्हा आले! खालच्या मजल्यावरचे वहीदभाई. चपला जिन्यातच काढून दारात उभे. "भाभी, हज कु जा रौं. कहा-सुना माफ कर देव." मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि दार लावून घेतलं.

इतकी वर्षं मी या माणसाशी बोललेले नाही. का, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. प्रणितानं आमच्या मनाविरुद्ध उदयशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा साक्षीदार हेच! आम्ही आईबाप घरात, आणि सही यांची. लहानपणी 'वहीदचाचा, वहीदचाचा' करत यांच्याकडे पडीक असायची. लाडावून ठेवली होती नुसती.

७ एप्रिल
नवऱ्यानं, अरविंदनं, जेवताना त्यांची वकिली सुरू केली. म्हणे, "नमाज-रोजे चुकले तर ते त्यांचं आणि अल्लाचं. पण माणसाला दुखावलं असेल तर हजला निघण्याआधी त्या माणसानंच माफ करावं लागतं गं."

मी म्हटलं, कयामतच्या दिवशी पैगंबरांची शिफारस असते ना त्यांच्यात? लावा म्हणावं तिथं वशिला! मला कशाला छळता?

"ते मी विचारलं," म्हणाला. विचारलं! म्हणजे दोघं खाली चहा पीत माझ्यावर चर्चा करतात. त्यावर वहीदभाई म्हणे, "उधर की शिफारस पे तो आस हैच साब. मगर दिल भाभी का दुखाया, तो माफी भाभी सेइच लेना."

माफी म्हणजे काय कोथिंबीर आहे, भाजीवर फुकट मागायला?

११ एप्रिल
आज त्यांची बायको, कुलसूम. खुबानी का मीठा, ते जर्दाळूचं गोड, घेऊन! मला आवडतं हे तिला पक्कं ठाऊक. डबा टेबलावर ठेवला, "आपा, सोचो जरा" म्हणाली आणि गेली. आता डबा रिकामा कसा परत करायचा? एवढ्या उकाड्यात पुरणपोळ्या लाटत बसले. चीड येते नुसती!

मीठा चांगला झाला होता. सगळा मीच संपवला.

१२ एप्रिल
हिमायतनगरहून माधवीचा फोन. माझी सख्खी बहीण, तीही त्यांच्याच बाजूनं! "ताई, सोडून दे ना आता." हिला कोणी सांगितलं? अरविंदनंच, दुसरं कोण.

मला नात झाली हेही हिच्याकडूनच कळलं होतं मला. प्रणिता नल्लकुंट्यात राहते. इथून, बरकतपुऱ्याहून, रिक्षानं किती वेळ लागतो? एकदा तरी आली का? आईच्या दारात यायला कोणाची साक्ष लागते? आली असती तर मी हाकललं असतं का?... असतं कदाचित. पण यायला तर हवं होतं!

१९ एप्रिल
आज कोणी आलं नाही. सुटले!

२१ एप्रिल
कुलसूम रडत वर आली. वहीदभाई जाणारच नाही म्हणतात. "बॅगां भर के पड़े हैं आपा. बोलते, भाभी माफ नै करे तो मैं कौन से मूँ से जाऊँ?"

ही तर सरळ दादागिरी! म्हणजे त्यांची हज बुडाली तर पाप माझ्या माथी. तरातरा खाली गेले. म्हटलं, केलं माफ! जा आता!

तर म्हणाले, "काय के वास्ते, वो सुने बगैर नक्को भाभी."

म्हटलं, माहीत आहे मला. त्या सहीसाठी!

"नै. दस्तखत तो मैं सही किया. उसकी माफी मैं मंगताइच नै."

मग त्यांनी सांगितलं. प्रणिता आली होती. दोन वर्षांपूर्वी, बाळाला घेऊन. वर मी अरविंदवर ओरडत होते, तिच्याच नावानं. ती जिन्यात उभी राहून ऐकत होती.

"मैं बोला, बेटा आज नक्को, अम्मा गुस्से में हैं, फिर आना. वो गई सो गई. अब बोले तो सुनती नै. आप बातिच नै करते थे, आपकु कैसा बोलूँ? आपकी बच्ची कु आपके दरवाजे से मैं वापस भेजा भाभी. इसकी माफी होना मेरेकु."

कुलसूमनं मला पाणी दिलं. ते पिऊन वर निघून आले.

२२ एप्रिल
आवाज माझाच होता. काय काय बोलले असेन त्या दिवशी? आठवत नाही. तिला आठवत असणार.

अरविंदला विचारलं. तो उठून चहा ठेवायला आत गेला.

२३ एप्रिल
सकाळीच खाली गेले. म्हटलं, वहीदभाई, मनापासून माफ केलं. खुशाल जा हजला. पण त्याआधी एकदा माझ्याबरोबर नल्लकुंट्याला चला. तिच्या दारात तुम्ही पुढे उभे राहा, मी मागे थांबते. आधी माझ्यासाठी तुम्ही बोला.