तीन आठवडे सायकल बंद

मुलुंड (पूर्व),
रविवार, दुपार

प्रिय दादूस सप्रेम जयभीम,

(तीर्थरूप लिहिणार होते, पण मागच्या वेळी तसं लिहिल्यावर तू महिनाभर मला उपदेश केलास.) आईचे गुडघे कसे आहेत? वसुधावहिनीची शिलाईची ऑर्डर संपली का? फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला तिसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. शांतपणे बसून वाच.

तर माझी वाट लागली होती. डिसेंबरात सहाशे किलोमीटरची राइड करायची, चाळीस तासांच्या आत, असं मी ठरवलं होतं हे तुला माहीत आहेच (वाशीममध्ये तू ते किराणा दुकानदारालाही सांगितलंस, हेही कळलं). दोनशे झाले, तीनशे झाले, फोटोला तुमच्याकडून हार्ट आले आणि माझं डोकं फिरलं. रोज पहाटे साडेचारला मुलुंडहून निघायचं, कांजूरमार्गवरून पवई, पुढे आरेचे चढ, परत येऊन डबे करायचे आणि घाटकोपरला लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला हजर व्हायचं. सुट्टीचा वार नावाची गोष्टच मी कॅलेंडरवरून पुसून टाकली. गंमत म्हणजे जेवढी जास्त चालवायचे तेवढी हळू जायला लागले. आता एखाद्या शहाण्या बाईनं काय केलं असतं? मी आणखी दहा किलोमीटर वाढवले.

पवईच्या चढावर एक दिवस मागून भोंपू वाजला. इडलीवाले रामनाथ. मागे इडल्यांचं पातेलं, हँडलला चटणीची बादली, सायकल बहुधा माझ्या जन्माआधीची. ते माझ्या शेजारून आरामात पुढे गेले, मग थांबले आणि काळजीनं विचारलं, “म्याडम, पंचर झाला काय?” मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या टायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग बसा, एक प्लेट खा.” मला एवढा राग आला की इडली न खाता निघाले. (दादू, मी इडली नाकारली. तिथेच कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला हवी होती.)

अंग मोडून यायचं, पण झोप लागायची नाही. महिन्यात तीनदा सर्दी झाली. सकाळी अंथरुणातच नाडी पासष्ट, जी एरवी चौपन्न असते. अनिरुद्धनं भेंडी जरा मोठी चिरली म्हणून मी रडले. दोन थेंब नाही, चांगली हुंदके देऊन. बिचारा आता बोटभर भेंडीसुद्धा माझ्याकडे विचारून चिरतो. दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचणारी बाई मी, पण स्वतःच्या बाबतीत म्हणत राहिले, हवा बदललीय.

मग सईचं शाळेत गॅदरिंग झालं. तिचं तबलावादन, एकटीचं, दहा मिनिटं. तीन महिने तिनं त्यासाठी बोटं सुजवली होती. मी पहिल्या रांगेत बसले आणि ती तबला जुळवत होती तोवरच झोपले. नुसती झोपले नाही, घोरले. अनिरुद्ध म्हणतो, पोरीचा तीनताल होता आणि तू दादरा धरलास. लोक हसले. सईनं हसणाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली मान घालून वाजवत राहिली. घराच्या दाराशी चपला काढताना म्हणाली, “आई, तू आली नसतीस तरी चाललं असतं.”

त्या वाक्यावर मला रडू आलं नाही, हे जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या डॉक्टर हेमांगीसमोर मीच हात पुढे केला. रक्त ठीक, थायरॉइड ठीक. तिनं सगळं विचारलं आणि म्हणाली, “संघमित्रा, आजारी नाहीयेस. थकलीयेस, आणि थकव्यावर मेहनतीचं औषध घेतेयस. तीन आठवडे सायकल बंद. मग आठवड्यातून तीन दिवस, बोलत बोलत चालवता येईल एवढीच.” मी विचारलं, “आणि डिसेंबर?” ती म्हणाली, “डिसेंबर दर वर्षी येतो गं.”

अनिरुद्धनं पेडलं काढून लपवली. मी ती दुसऱ्याच दिवशी शोधली (पिठाच्या डब्यामागे, या माणसाला कल्पनाशक्ती नाही) आणि परत तिथेच ठेवली. पहिला आठवडा मी घरात माशीसारखी फिरले. दुसऱ्यात दहा-दहा तास झोपले. तिसऱ्यात भूक लागली, नाडी उतरली, आणि सईला विचारलं, तो सबंध तुकडा मला एकटीला वाजवून दाखवशील का. तिनं दोन दिवस भाव खाल्ला. मग दार लावून वाजवला. मी जागी होते. संपल्यावर ती म्हणाली, “मधे एकदा चुकलं.” मला कळलंही नव्हतं, पण मी म्हटलं, हो, तेवढंच.

यंदा सहाशे रद्द. नाव मागे घेतलं. वाईट वाटलं, पण पोट भरून जेवले.

सर्वांना जयभीम.

तुझी,
संघमित्रा

ता. क. वहिनीचा फोन आला होता. माझे फोटो बघून तूही सायकल घेतलीस आणि आता रोज पहाटे वाशीमजवळच्या मालेगावपर्यंत जाऊन येतोस, जेवत नाहीस, आणि परवा मीठ कमी पडलं म्हणून ताटावरून उठलास, असं कळलं. हे अख्खं पत्र त्यासाठीच आहे. तीन आठवडे बंद, दादू. माझ्यासाठी.

ता. क. २. हे वाचून “मला काहीही झालेलं नाही” असं तू मोठ्यानं म्हणशील. वहिनी दारामागे उभी आहे. तुझी चाकं तिनं आधीच काढलीत.