खोबरं करपलं तेव्हा

कोपरखैरणे,
दि. १६ मे २०२०, शनिवार, दुपारी पावणेतीन

प्रिय ताई,

आत्ता मी स्वयंपाकघराच्या दारात बसून गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे. आई तुझ्यासाठी भरलेल्या मसाल्याच्या बरणीचं तोंड फडक्याने बांधते आहे. नाना बाहेरच्या खोलीत झोपले आहेत. दुपारी झोपलेले नाना तू कधी पाहिलेस का? या एवढ्याशा घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून लिहितो. पानांचे फोटो काढून पाठवीन. कोणाला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

उद्या पहाटे पोपटदादाच्या भाजीच्या टेम्पोतून नाना आणि आई तुझ्याकडे कोरेगावला निघणार, हे तुला काल कळलं. तू आनंदाने रडलीस असं आई म्हणाली. राजवर्धन दोन महिन्यांचा झाला आणि त्याच्या आजोबांनी त्याला अजून हातात घेतलेलं नाही. त्यामुळे पुढचं लिहायला हात उचलत नाही. आधी चांगलं सांगतो.

हे दोन महिने आपल्या घराला चांगले गेले. माझं नेरूळचं टायपिंगचं दुकान मार्चपासून बंद आहे. मसाला मार्केट कधी चालू, कधी बंद. नाना इतकी वर्षं अंधारात पोती उचलायला जायचे आणि अंधारातच परत यायचे. दिवसाउजेडी घरात बसलेला माणूस मी नव्यानेच पाहिला. ते आईच्या डोक्याला तेल लावतात. लसूण सोलायला बसतात आणि सोलता सोलता गाणी म्हणतात, सगळी अर्धवट. आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळतो. नाना लबाडी करतात. परवा आई पानं टाकून म्हणाली, “मुकादमालाही असंच फसवलंत का हो आयुष्यभर?” आणि रोज संध्याकाळी तुझं नाव घेऊन नानांचं एकच बोलणं, “बारसं हुकलं तर हुकलं. एकदा पोराच्या टाळूचा वास घेतला की झालं. आपल्या ज्ञानीच्या टाळूला ओल्या खोबऱ्याचा वास यायचा.”

मी मात्र भीतच होतो. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतो, दाराची कडी पुसतो. नाना मार्केटातून आले की दारात दोन्ही हात वर करून उभे राहायचे, “घे बाबा, धुऊन काढ मला.” मागच्या आठवड्यात त्यांच्या टोळीतल्या दोघांना ॲम्ब्युलन्सने नेलं. त्यातले दिलीपकाका नानांच्याच डब्यातलं जेवायचे. मग मार्केट बंद झालं आणि नाना घरी बसले. मला वाटलं, सुटलो.

गुरुवारी आम्ही वर्षाचा कांदा-लसूण मसाला करायला घेतला. मसाला कुटायचा डंक बंद, म्हणून मिक्सरवरच. आईने मिरच्या भाजल्या आणि आम्हा तिघांना असा ठसका लागला की खालून सोसायटीचे सेक्रेटरी वामनकाका ओरडले, “कोण खोकतंय वर? फोन करू का दवाखान्यात?” आई खिडकीतून म्हणाली, “मिरच्या भाजतेय, वामनभावजी! तुम्ही पण या, खोकून जा!” सगळी बिल्डिंग हसली. आई त्यांच्याशी बोलत होती तोवर कढईतलं खोबरं नाना परतत होते.

ताई, ते खोबरं करपलं. मला बाहेरच्या खोलीत वास आला. धूर निघायला लागला तरी नाना कढईवर वाकून शांतपणे उलथनं फिरवत होते. अंथरुणातून नुसत्या वासावरून “खोबरं उतरव गं” सांगणारा माणूस. आई धावत आली आणि म्हणाली, “नाक काय मार्केटात ठेवून आलात?” नाना हसले. मीही हसलो.  पण वास जाणं हे त्या आजाराचं लक्षण असतं, हे मी मोबाइलवर वाचलं होतं.

काल सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा नानांनी हिंगाची डबी उघडली. नाकाला लावली. बोटाने उकरून पुन्हा लावली. मग झाकण घट्ट बसवलं आणि वळले, तर मी समोर.  जेवताना ते एकदम म्हणाले, “पोपट रविवारी रिकामा टेम्पो घेऊन गावाकडं परत जातोय. त्याच्याबरोबर निघू. एकदा पोराला बघून येतो.” इतके दिवस टाळूच्या वासाचं बोलणारे नाना काल फक्त बघून येतो म्हणाले. त्यांना कळलेलं आहे, ताई. दवाखान्यात नेण्याआधी त्यांना बाळ बघायचं आहे. ते वाईट मनाचे नाहीत. घाबरले आहेत, एवढंच.

आज सकाळी भाजी आणायला खाली गेलो तेव्हा मी पोपटदादाला सांगितलं की उद्या आमच्या दारात थांबू नकोस, नानांना बरं नाही. तो मागे सरकला आणि नाकावर रुमाल ओढला. तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं.

उद्या पहाटे नाना पिशवी घेऊन जिन्यात उभे राहतील आणि टेम्पो येणार नाही. मग मी त्यांना सांगेन, आणि महापालिकेच्या दवाखान्यात तपासणीला नेईन. मजला सील होईल. त्यांना कुठे ठेवतील, किती दिवस, मला भेटू देतील की नाही, काही माहीत नाही. ते तुला फोन करून माझ्या नावाने ओरडतील. तू त्यांची बाजू घेऊ नकोस. तू एकदा जरी “या” म्हणालीस तर ते चालत निघतील. हे सांगण्यासाठी लिहिलं. आणि आणखी एका गोष्टीसाठी. आज संध्याकाळी, सगळे अजून खुशीत आहेत तोवर, तू व्हिडिओ कॉल कर. राजवर्धनची टोपी काढ आणि त्याची टाळू फोनच्या अगदी जवळ आण. नाना नेहमीसारखं नाक स्क्रीनला लावतील, तुला नुसत्या नाकपुड्या दिसतील. आज हसू नकोस. त्यांना हवा तितका वेळ तसंच राहू दे. फोन मी धरलेला असेन. माझा हात हलला तर रेंज नाही म्हण.

तुझाच,
विश्वजित